हवेतल्या हाताने वीरगळ पाहायचा असेल तर सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातील एका छोट्या संग्रहालयासाठी तुमच्या महाविद्यालयाच्या गटाने एका वीरगळाचे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेचे, त्रिमितीय प्रारूप तयार केले आहे. ते चष्म्याशिवाय खोली दाखवणाऱ्या पडद्यावर दिसते आणि पडद्यापुढील टेबलात बसवलेला लीप मोशनचा सेन्सर प्रेक्षकाचा हात टिपतो. मूठ वळली की शिळा पकडली जाते, हात आडवा झटकला की ती फिरते, दोन्ही हात एकमेकांपासून दूर नेले की ती मोठी होते, बोटाने हवेत वर्तुळ काढले की माहितीची पाटी उघडते आणि नमस्कार केला की सारे मूळ स्थितीत येते. प्रयोगशाळेत हे उत्तम चालले. दालनात मात्र शिळा भलतीकडे फिरते, पाट्या आपोआप उघडतात आणि कंटाळून माणूस पुढे निघून जातो. आता अधिक महागडा सेन्सर घ्यावा की स्वतः गोळा केलेल्या नोंदींवर ओळख-मॉडेल पुन्हा शिकवावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तूर्त यांपैकी काहीच करू नये. हात ओळखण्यात सेन्सर चुकत असेलही, पण तुम्ही वर्णन केलेली लक्षणे त्या चुकीची नाहीत. हात कुठे आहे आणि बोटे कशी वळली आहेत, हे सेन्सर बऱ्यापैकी सांगतो. तो हात या क्षणी शिळेला उद्देशून हलतो आहे, की शेजारी उभ्या असलेल्या मुलाला काही दाखवतो आहे, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नाही. माउसवर बोट दाबले जाते, स्पर्शपडद्याला बोट टेकते, म्हणजे त्या साधनांत क्रियेचा आरंभ आणि शेवट शरीरालाच ठाऊक असतो. हवेत टेकण्यासारखे काहीच नसल्यामुळे हाताची प्रत्येक हालचाल आज्ञा ठरण्याचा धोका असतो. इंग्रजी लेखनात या दोषाला, हात लावेल त्याचे सोने करणाऱ्या ग्रीक कथेतील मिडास राजाचे नाव देतात. आपल्याकडे भस्मासुर त्याहून नेमका आहे, कारण मोहिनीच्या नृत्याची नक्कल करताना त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर गेला तो वर वापरण्यासाठी नव्हे, आणि तरीही वर फळला.

प्रयोगशाळेत हा दोष दिसत नाही, कारण तुम्ही सगळे नकळत तरबेज झालेले असता. हात सेन्सरच्या कक्षेत आणायचा, एकच खूण करायची आणि लगेच खाली घ्यायचा, ही शिस्त तुमच्या अंगवळणी पडली आहे. प्रेक्षक हात कक्षेतच ठेवतो, बोलता बोलता हलवतो, पदर सावरतो, फोन काढतो. त्यातही हात झटकण्याच्या खुणेची अडचण वेगळी सांगण्यासारखी आहे. उजवीकडे झटकलेला हात पुन्हा झटकण्यासाठी डावीकडे परत यावाच लागतो, आणि प्रणालीच्या दृष्टीने ती परतीची हालचालही एक झटकाच असते. शिळा भलतीकडे फिरते त्याचे कारण बहुधा हेच आहे. परतीचा झटका ओळखून गाळण्याचे उपाय आहेत, परंतु ते सगळे वेगाच्या किंवा वेळेच्या मर्यादांवर चालतात, आणि सावकाश हालणाऱ्या आजोबांसाठी ठरवलेली मर्यादा दहा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही.

उत्तर परिस्थितीवर कितपत अवलंबून आहे, हेही सांगायला हवे. शस्त्रक्रियागृहात निर्जंतुक हातमोजे घातलेल्या शल्यविशारदाला स्कॅनची प्रतिमा पुढेमागे न्यायची असेल, तर तिथे स्पर्शरहित नियंत्रणाला ठोस कारण असते, वापरणारी माणसे मोजकी असतात आणि त्यांना अर्धा तास शिकवताही येते. अशा ठिकाणी सात-आठ खुणाही चालून जातील. डोक्यावर हेडसेट असेल तर डोळ्यांची दिशा आणि दोन्ही हात त्यालाच दिसतात, शेजाऱ्याचा हात सहसा मध्ये येत नाही, म्हणून तिथलेही गणित वेगळे. तुमचा प्रेक्षक मात्र प्रथमच येणारा, काही न वाचणारा आणि फार तर दोन-तीन मिनिटे थांबणारा आहे, शिवाय त्याच्या मागे रांग आहे. संग्रहालयात शिकवण्यासाठी माणूस कायम उभा राहणार असेल तर माझे पुढचे काही मुद्दे सौम्य करून वाचावेत. तसा माणूस नसेल आणि हातांची स्वच्छता किंवा पडद्याची सुरक्षितता असे स्पर्श टाळण्याचे कोणतेही कारण नसेल, तर एक भक्कम फिरवायची मूठ टेबलावर बसवणे हाही पर्याय विचारात घ्यावा. तो स्वस्त असतो, आणि दृष्टी अधू असलेल्या माणसालाही वापरता येतो.

हवेतच काम करायचे ठरले असेल तर या क्षेत्राचा इतिहास एकाच दिशेने बोट दाखवतो. १९८० मध्ये एमआयटीच्या रिचर्ड बोल्ट यांनी मोठ्या पडद्यावरील आकृत्या बोटाने दाखवून हलवण्याची जी प्रणाली मांडली, तिच्यात हात फक्त जागा दाखवत असे आणि नेमका क्षण बोललेला शब्द ठरवत असे. २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या कॅमेऱ्याने पूर्ण शरीर वाचले, पण निवड करण्यासाठी हात एखाद्या चौकटीवर काही क्षण रोखून धरावा लागे. त्याच कंपनीचा २०१६ चा पहिला होलोलेन्स हा हेडसेट हवेत बोट टेकवायला सांगत असे, तर २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीत वस्तू थेट पकडता येऊ लागली. २०२४ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये डोळे वस्तू निवडतात आणि मांडीवर ठेवलेल्या हाताची चिमूट क्षण ठरवते. चिमटीकडे इतके लोक वळले याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, हेच आहे की हवेतील खुणांपैकी चिमटीत खरोखर काहीतरी टेकते. अंगठ्याला तर्जनी लागल्याचे आपल्याच त्वचेला कळते, म्हणून पडद्याने काही सांगण्याआधी माणसाला आरंभ समजतो. एकच खूण ठेवायची झाली तर मी तुमच्या यादीत नसलेली चिमूट ठेवीन आणि मूठ, झटका, वर्तुळ, नमस्कार हे सगळे काढून टाकीन.

पण त्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तो तंत्रज्ञानाचा नाही. वीरगळ पाहणाऱ्याला नेमके काय करायचे असते? ती शिळा सर्व बाजूंनी फिरवण्यात बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही, कारण कोरीव काम सहसा दर्शनी बाजूला असते आणि पाठ ओबडधोबड असते. शिल्पाचे कप्पे खालून वर वाचायचे असतात. तळाशी युद्ध आणि वीराचा मृत्यू, कधी सोडवून आणलेली गुरे, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य व कलश. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. शतकानुशतके पाऊस आणि शेंदूर सोसलेल्या अशा उठावात समोरून प्रकाश पडला तर काही दिसत नाही, आणि तिरका प्रकाश पडला की वल्ह्यांची ओळ उठून येते. शिलालेख वाचणारे लोक संध्याकाळच्या उन्हाची वाट पाहतात किंवा टॉर्च शिळेला जवळजवळ समांतर धरतात ते याचसाठी. २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रांपासून पृष्ठभाग पुन्हा हवा तसा उजळण्याची जी पद्धत मांडली, ती पुढे झिजलेल्या लेखांच्या वाचनासाठी वारसा-क्षेत्रात रुळली.

म्हणून माझी मुख्य सूचना अशी की रिकामा हात म्हणजे दिवा समजावा. हात डावीकडे गेला की प्रकाश डावीकडून यावा, वर गेला की वरून, शिळेच्या जवळ गेला की अधिक तिरका. यात एकही खूण नाही, शिकण्यासारखे काही नाही आणि मुख्य म्हणजे चुकीची हालचाल असा प्रकारच उरत नाही. माणसाने पदर सावरला तर प्रकाश क्षणभर सरकेल आणि त्यामुळे काहीही बिघडणार नाही. ज्या क्रियेचे परिणाम सतत, हळुवार आणि आपोआप मागे फिरणारे असतात, तिला आरंभ-शेवटाची गरज लागत नाही. ज्या क्रियेने काही उघडते, बंद होते किंवा उडी मारून बदलते, तिला ती लागते. तुमच्या मांडणीतील प्रत्येक गोष्ट या कसोटीवर घासून पाहिली तर बहुतेक गोष्टी पहिल्या गटात आणता येतील असे तुमच्या लक्षात येईल.

चिमूट मग एकाच कामासाठी ठेवावी, शिळा धरण्यासाठी. धरलेली शिळा हाताबरोबर वरखाली सरकावी, हात स्वतःकडे ओढला की ती जवळ यावी आणि आडव्या हालचालीने ती उभ्या अक्षाभोवती किंचित वळावी. साधारण ३५ अंश डावीकडे आणि तितकेच उजवीकडे पुरे होते. तिरक्या अक्षावरचे फिरणे पूर्ण बंद ठेवावे. हाताला सहा दिशांचे स्वातंत्र्य आहे म्हणून प्रतिमेलाही ते द्यावे, हा मोह प्रत्येक नव्या गटाला होतो, आणि त्यातून प्रेक्षकाच्या हाती उलटीपालटी झालेली शिळा येते जी त्याला सरळ करता येत नाही. शिवाय मनगट एका मर्यादेपलीकडे वळत नाही, आणि तळहात उभा केला की टेबलातून वर पाहणाऱ्या सेन्सरला एकाआड एक दडलेली बोटे दिसतात, तेव्हा नेमक्या त्याच स्थितीत त्याचा अंदाज ढासळतो. माहितीची पाटी वेगळी उघडण्याची गरजच नाही. शिळा जवळ ओढल्यावर जो कप्पा मध्यभागी असेल त्याच्या दोन ओळी बाजूला आपोआप दिसू द्याव्यात. मूळ स्थितीत येण्यासाठी हात कक्षेबाहेर गेल्यावर काही सेकंदांनी शिळा सावकाश परतावी.

नमस्काराबद्दल थोडे, कारण ही कल्पना जवळजवळ प्रत्येक आयोजकाला सुचते आणि तिच्यामागचा भाव चांगला असतो. दोन तळवे जुळले की कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन हातांचा एकच आकार होतो, एक हात दुसऱ्याला झाकतो आणि बहुतेक प्रणालींत त्यातला एक हात किंवा दोन्ही गायब होतात. त्यामुळे नमस्कार ओळखणे म्हणजे प्रत्यक्षात हात हरवल्याचे ओळखणे ठरते, आणि हात इतरही अनेक कारणांनी हरवतात.

चिमटीच्या अंमलबजावणीत दोन-तीन बारकावे आहेत, ज्यांवर सगळा अनुभव अवलंबून असतो. पहिला असा की धरण्याची आणि सोडण्याची मर्यादा एक नसावी. अंगठा आणि तर्जनी यांतील अंतर सुमारे २ सेंटिमीटरच्या आत आले की धरले असे माना, पण सोडले असे मानण्यासाठी ते ४ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ द्या. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर त्या सीमेवर थरथरणारी बोटे शिळा सेकंदात अनेकदा धरतात आणि सोडतात. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत, लहान मुलांच्या हातांवर ते तपासून घ्यावेत. दुसरा असा की चिमूट घेताना हात नकळत हलतो, म्हणजे निवडण्याची कृतीच निवडलेली जागा बिघडवते. या क्षेत्रात त्याला हायझेनबर्ग परिणाम म्हणतात. उपाय सोपा आहे. चिमूट नोंदली गेली त्या क्षणाची जागा न घेता त्याच्या किंचित आधीची, साधारण दशांश सेकंदापूर्वीची जागा घ्यावी, त्यासाठी मागील काही स्थिती साठवून ठेवाव्या लागतात इतकेच.

तिसरा बारकावा थरथरीचा. सेन्सरचे आकडे हात स्थिर असतानाही थोडे हलतात, आणि ते सरासरी घेऊन गुळगुळीत केले की प्रतिमा हाताच्या मागे रेंगाळू लागते. येथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘वन यूरो’ नावाचा फिल्टर वापरावा. हात सावकाश हलत असेल तेव्हा तो जास्त गुळगुळीत करतो आणि वेगाने हलू लागला की ढील देतो. त्यात दोनच आकडे जुळवायचे असतात. आधी हात स्थिर धरून थरथर जाईपर्यंत पहिला आकडा कमी करावा, नंतर हात जोरात हलवून रेंगाळणे जाईपर्यंत दुसरा वाढवावा. हात हलल्यापासून चित्र हलेपर्यंतचा एकूण वेळ दशांश सेकंदाच्या बराच आत असावा. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे असते, तेव्हा वाटेत चार-पाच चित्रे साठवणारे सॉफ्टवेअर असेल तर हिशेब तिथेच संपतो.

आता प्रतिमा आणि हात यांच्या परस्पर जागेविषयी. चष्म्याशिवायच्या पडद्यावर शिळा पुढे आलेली दिसते, तेव्हा तिला हात लावून पाहावा असे प्रत्येकाला वाटते. ते होऊ देऊ नये. प्रतिमा कितीही पुढे दिसली तरी प्रकाश पडद्यातूनच येतो, म्हणून प्रतिमेच्या मागे असायला हवा असा हातही तिला झाकून टाकतो आणि खोलीचा भास तत्काळ मोडतो. डोळ्यांनाही एकाच वेळी जवळच्या बोटावर आणि दूरच्या पडद्यावर नजर ठरवता येत नाही. म्हणून हाताची जागा प्रतिमेपासून मुद्दाम वेगळी, तिच्या खाली आणि अलीकडे ठेवावी, आणि पडद्यात हाताची फिकट सावली किंवा दिव्याचा ठिपका दाखवावा. हात कक्षेच्या कडेला गेला की ही सावली विरळ होऊ द्यावी. ‘हात मध्ये आणा’ असे लिहिण्यापेक्षा हे फार लवकर समजते. अर्धपारदर्शक काचेतून तरंगती प्रतिमा दाखवणाऱ्या पेट्यांना, म्हणजे १८६२ पासून जॉन पेपर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या युक्तीलाही, हेच लागू आहे. फिरत्या पात्यांवरील एलईडींचे पंखे अलीकडे ‘होलोग्राम’ म्हणून सर्रास विकले जातात. त्यांच्यापुढे हातखुणांची प्रणाली ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फिरताना पाती दिसत नाहीत आणि हात पुढे करायला तुम्हीच सांगत असता.

थकव्याचा मुद्दा लहान वाटतो, पण माणूस किती वेळ थांबेल हे तोच ठरवतो. खांद्याच्या उंचीवर हात उचलून धरणे एका मिनिटात जड होते. कोपर शरीराजवळ आणि अग्रबाहू आडवा असेल तर तोच हात बराच वेळ चालतो. उभ्या प्रौढाचे कोपर ढोबळमानाने १ मीटर उंचीवर असते, म्हणून सेन्सरचा पृष्ठभाग ७५ ते ८० सेंटिमीटरवर ठेवला तर हात त्याच्या वर वीसेक सेंटिमीटरवर सहज येतो. शाळांच्या सहली मुख्य प्रेक्षक असतील तर टेबल आणखी खाली घ्यावे. मोठ्यांना थोडे वाकणे जमते, मुलांना उंच होणे जमत नाही.

सेन्सरकडे शेवटी येतो, कारण काही दोष त्याचेही असू शकतात आणि ते पैसे न खर्चता तपासता येतात. तुमच्याकडील उपकरण दोन कॅमेरे आणि ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश यांवर चालते. त्याची भरवशाची कक्षा साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत आहे. दालनातील हॅलोजनचे झोत आणि खिडकीतून येणारे ऊन यांत अवरक्त प्रकाश भरपूर असतो, पांढऱ्या एलईडी दिव्यांत तो जवळजवळ नसतो. तक्रारी दुपारनंतर वाढतात का हे पाहावे, आणि झोत बदलून, खिडकीला जाड पडदा लावून पुन्हा चाचणी घ्यावी. सेन्सरवर संरक्षक काच बसवली असेल तर तिच्यावरील बोटांचे ठसे आणि तिच्यातून परावर्तित होणारा सेन्सरचाच प्रकाश हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. काचेच्या बांगड्या, धातूचे घड्याळ आणि पंजा झाकणाऱ्या बाह्या यांसह चाचणी घ्यावी. मागून दुसऱ्याचा हात आला तर जो हात आधी आला त्याचीच मालकी तो बाहेर जाईपर्यंत राहील, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालावा.

एवढे करूनही हात मध्येच हरवत असेल, तर मात्र सेन्सर बदलण्यात अर्थ आहे. २०२३ ची लीप मोशनची दुसरी आवृत्ती अधिक रुंद आणि सुमारे ११० सेंटिमीटरपर्यंतचे क्षेत्र पाहते. साध्या वेबकॅमवर गूगलचे मीडियापाइप हे सॉफ्टवेअर हाताचे २१ बिंदू शोधते, ते फुकट आहे आणि दिव्याच्या कल्पनेला पुरेसे आहे, पण एकाच कॅमेऱ्यावरून काढलेली खोली हा अंदाज असतो, त्यामुळे शिळा जवळ ओढण्याच्या क्रियेत ते कमी पडेल. रंगावरून त्वचा शोधणारी जुनी पद्धत वापरू नका, मेंदी आणि मंद उजेड यांत ती टिकत नाही. रडारबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. गूगलने २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये ६० गिगाहर्ट्झचे रडार बसवले होते आणि त्या लहरींना इथे परवानगी नसल्यामुळे तो फोन भारतात विकलाच गेला नाही. तेव्हा असा कोणताही सुटा भाग मागवण्यापूर्वी परवान्याची सद्यःस्थिती पाहावी.

बदल केल्यावर चाचणी घेताना गटातील कोणीही टेबलाजवळ उभे राहू नये आणि कोणाला काही सांगू नये. प्रेक्षक आल्यापासून पहिल्या पंधरा सेकंदांत प्रकाश सरकल्याचे त्याच्या लक्षात आले का, त्याने चिमूट स्वतःहून करून पाहिली का आणि हात खाली घेतल्यावर तो पुन्हा वर आणला का, एवढ्या तीनच गोष्टी दुरून लिहून घ्याव्यात. पहिली गोष्ट होत नसेल तर दिव्याचा ठिपका अधिक ठळक करावा. दुसरी होत नसेल तर पडद्याच्या कोपऱ्यात चिमूट घेणाऱ्या हाताचे छोटे हलते चित्र ठेवावे, आणि प्रेक्षकाने एकदा चिमूट घेतली की ते नाहीसे व्हावे.